जुई की निशिगंध? निवड, लागवड, छाटणी आणि कंदांची काढणी

संध्याकाळी अंगणात किंवा गॅलरीत वास दरवळावा म्हणून काहीतरी लावायचं ठरलं, की बहुतेक घरांत दोन नावं निघतात: जुई आणि निशिगंध. दोन्ही पांढरी, दोन्ही दिवस कलला की वास सोडणारी, दोन्ही फुलवाल्याच्या टोपलीत शेजारी शेजारी. एवढं साम्य पाहून माणूस दोघांना सारखंच वागवतो आणि तिथेच बिनसतं. जुईचा वेल पानांनी गच्च होतो, फुलं मात्र वेचून वेचून मिळतात. निशिगंध पहिल्या वर्षी भरभरून फुलतो आणि तिसऱ्या वर्षी कुंडीत नुसती पाती उरतात. रोपवाटिकेत तक्रार सांगितली की हातात खताची पुडी पडते. खताचा यात फारसा दोष नसतो.

फूल कुठे लागतं, ते आधी समजून घ्या. जुईला फूल येतं ते त्या हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीच्या टोकाला. जुनं, राठ झालेलं लाकूड फक्त वेलाचा भार वाढवतं. निशिगंधाचा कंद तर आयुष्यात एकदाच दांडा देतो. पुढचं फूल त्याच्या कडेला आलेल्या पिल्लांकडून येतं, तेही ती पोसून जाडजूड झाली तरच. म्हणजे जुईची मेहनत कात्रीची आणि निशिगंधाची कुदळीची. पुढचं सगळं यातूनच निघतं.

दोघांचं कूळ

जुई इथलीच. शास्त्रीय नाव जॅस्मिनम ऑरिक्युलेटम, भारत आणि श्रीलंका हे तिचं मूळ घर. ऑलिव्ह आणि पारिजातक तिच्याच कुळातले. तमिळनाडूत हिची शेती होते, तिथे तिला मुल्लै म्हणतात आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले आहेत. निशिगंध मेक्सिकोतून आलेला. बाजारात त्याला गुलछडी म्हणतात, हिंदीत रजनीगंधा. वनस्पतिशास्त्रात तो बरीच वर्षं पोलिअँथिस ट्युबरोजा या नावाने ओळखला जायचा. आता त्याला अगेव्ह या प्रजातीत घेतलं आहे. म्हणजे बांधावरच्या घायपाताचा हा भाऊबंद. ऊन मागणारा आणि साचलेल्या पाण्यापुढे हात टेकणारा, हे त्याचे गुण लक्षात ठेवले तर निम्म्या चुका टळतात.

विकत घेताना डोळे उघडे ठेवा

‘जुई’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांत जाई, कुंद, कधी कधी साधा मोगराही निघतो. फूल नसताना पानावरून ओळखायचं. जुईचं पान तीन पर्णिकांचं, म्हणजे एकाच पानात तीन छोटी पानं: मधली मोठी, गोलसर टोकाची, आणि तिच्या देठाशी दोन्ही बाजूंना दोन अगदी चिमुकल्या. कधी त्या इतक्या लहान असतात की नख लावून बघावं लागतं, काही पानांवर तर नसतातच. म्हणून एकच पान बघून निर्णय करू नका, चार-सहा पानं चाळा. जाईच्या पानात पाच ते नऊ पर्णिका एका दांडीवर समोरासमोर बसलेल्या असतात आणि कळीच्या पाठीवर गुलाबी झाक दिसते. कुंद आणि मोगरा यांचं पान साधं, एकसंध. कुंदाची कोवळी फांदी लवदार लागते.

निशिगंधाचे कंद घेताना वाणाचा प्रश्न पहिला. एकेरी फुलाचा वास जास्त. हार, वेणी, सुटी फुलं यांसाठी तोच वापरतात. दुहेरी फुलाचा दांडा फुलदाणीत भरदार दिसतो, पण वासात कमी पडतो आणि कळ्या कधी कधी पुरत्या उमलत नाहीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल हे एकेरी, तर सुवासिनी आणि वैभव हे दुहेरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले रजनी एकेरी. घरासाठी मी डोळे मिटून एकेरी सांगेन. वासासाठीच तर झाड लावतोय.

कंद हातात घेऊन दाबून बघा. चातीसारखा निमुळता, टणक, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा आणि साधारण 25 ते 30 ग्रॅम वजनाचा हवा. बोराएवढे कंद स्वस्त मिळतात, पण ते पहिलं वर्ष पानं काढण्यातच घालवतात. बुडाशी मऊ लागला किंवा कुबट वास आला तर तो कंद परत ठेवा. मोठ्या कंदाच्या मध्यभागी तुटक्या दांड्याचा वाळका खुंट दिसत असेल, तर तो फुलून गेलेला आई-कंद आहे. त्याच्या कडेची पिल्लं जाड असतील तरच घ्या.

जागा

दोघांनाही रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. इमारतीच्या उत्तरेकडच्या गॅलरीत दोन्ही लावू नका. जुई सावलीत जगते, वाढतेही, पण उन्हाच्या शोधात लांबच लांब पोकळ फांद्या सोडते आणि कळ्या धरत नाही. निशिगंध सावलीत लोळतो.

जागा पूर्व-दक्षिण असेल तर जुई उत्तम. पश्चिमेचं कडक ऊन निशिगंध जास्त सहज सोसतो. विदर्भात मे महिन्यात मात्र त्याच्याही पातींची टोकं करपतात. तेवढ्यापुरतं दुपारी शेडनेट ओढलं की भागतं. उंच मजल्यावर वारा हा मोठा शत्रू. तिथे निशिगंधाचे दोन-तीन फुटी दांडे आडवे होतात, प्रत्येकाला काठी लावावी लागते. जुईला जाळीला बांधलं की वारा फारसा त्रास देत नाही.

खोलीच्या खिडकीला लागून काय लावायचं? मी जुई म्हणेन. निशिगंधाचा वास जड. चार दांडे एकदम फुलले की बंद खोलीत काहींचं डोकं धरतं. तो जरा लांब, वाऱ्याच्या वाटेवर बरा.

जुईची लागवड

पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे जून-जुलैमध्ये लावा. जमिनीत दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवा आणि आठ-पंधरा दिवस तापू द्या. भरताना निम्मी पोयटा माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा बारीक मुरूम, शिवाय ओंजळभर निंबोळी पेंड. कुंडी निवडणार असाल तर सुरुवातीलाच 16 ते 18 इंची घ्या. प्लॅस्टिकचा अर्धा ड्रम सर्वांत चांगला. लहान कुंडीतली जुई दोन वर्षांत मुळांनी कोंडते आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते.

कुणाकडे चांगला वेल असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली फांदी, तीन-चार पेरांची, 20 ते 25 सेंटिमीटर लांब कापा. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. हाताशी वेळ असेल तर दाब कलम अधिक खात्रीचं: जमिनीजवळची फांदी वाकवून पेरापाशी सालीवर हलकी चीर द्या, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा आणि मातीला ओल राहू द्या. तीन-चार महिन्यांत मुळं धरतात, मग आईपासून तोडा.

आधाराच्या बाबतीत लोक फसतात. जुईला काकडीसारखे पकडायचे तणावे नाहीत. तिला मोकळी सोडली तर ती झुडपासारखी पसरून बसते. जाळी, तारा किंवा बांबूचा मांडव लागवडीच्या दिवशीच उभा करा. जाळी भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे घ्या, म्हणजे मागून वारा खेळेल. सुरुवातीच्या तीन-चार जोमदार फांद्या निवडून पंख्यासारख्या पसरवा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. एक वेढा आधाराला, एक फांदीला. तार वापरू नका, ती वर्षभरात सालीत रुतते. फांद्या सरळ उभ्या नेण्यापेक्षा तिरप्या किंवा आडव्या बांधल्या तर प्रत्येक पेरावरून फुटवे येतात, आणि फुटवा म्हणजे कळी.

छाटणी, म्हणजे जुईचं वर्षाचं काम

बहुतेकांचा हात इथेच थरथरतो. एवढा हिरवा वेल कापायचा? कापायचाच.

वेळ जानेवारीची अखेर, फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करा, म्हणजे वेल जरा सुस्तावतो. शेतात लावलेल्या झुडपासारख्या जुईला जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरवर सरसकट कापतात. जाळीवर चढवलेल्या वेलाला तसं करायचं नाही. तिथे काम तीन टप्प्यांत.

आधी मेलेल्या, वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढा. मग मुख्य पंखा मोकळा दिसू लागतो. त्या मुख्य फांद्या तशाच ठेवून त्यांच्यावरच्या सगळ्या बाजूच्या फांद्या दोन-तीन पेरं ठेवून मागे आणा. शेवटी उरलेली पानं ओरबाडून काढा. त्यामुळे पानांमागे लपलेली कीडही जाते. काप नेहमी पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर आणि तिरका. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार हवी. चेंगरलेली साल मागे वाळत जाते. बोटाएवढ्या जाड कापांवर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. छाटणी झाल्यावर वेल उघडाबोडका दिसतो आणि घरातली मोठी माणसं बोल लावतात. तीन आठवडे दम धरा.

छाटणीनंतर बुडाभोवती आळं करून, मुळं न दुखवता माती हलवा, त्यात दोन-तीन टोपल्या शेणखत मिसळा (कुंडी असेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून तेवढं गांडूळखत भरा) आणि भरपूर पाणी द्या. त्याच सुमारास थोडं सुपर फॉस्फेट किंवा हाडांचा चुरा. खताचा दुसरा हप्ता जून-जुलैमध्ये. युरियाचा मोह टाळा. त्याने वेल हिरवागार होतो, पण कळ्या मागे पडतात.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून बहर सुरू होतो आणि पावसाळाभर टिकतो. एक बहर ओसरला की फुललेल्या फांद्यांची टोकं दोन पेरं खुडा, नवे फुटवे येऊन पुढचा बहर धरतो. एवढं एक खुडणं केलं तरी फरक दिसतो.

निशिगंधाची लागवड

कंद लावायचे एप्रिल-मेमध्ये. महिनाभर सावलीत पसरून विश्रांती दिलेले कंद अधिक जोमाने फुटतात, म्हणून ताजे उपटलेले कंद मिळाले तर लगेच पुरू नका. लावण्याआधी दोन ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक एक लिटर पाण्यात मिसळून कंद अर्धा तास बुडवा, मग सावलीत सुकवा. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या द्रावणात बुडवा. पण दोन्ही एकत्र नको, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

जमिनीत लावणार असाल तर गादीवाफाच करा, वीतभर उंच. कोकणातल्या पावसात आणि देशावरच्या काळ्या मातीत याला पर्याय नाही. दोन कंदांत 20 ते 30 सेंटिमीटर अंतर. खोली पाच ते सात सेंटिमीटर, टोक वर आणि मातीच्या जेमतेम खाली. बारा इंची कुंडीत तीन कंद, फार तर चार. कुंडीच्या बुडाची भोकं खापराने झाका, पण बुजवू नका. मातीत एक भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू असं धरलं तर पाणी थांबत नाही.

लावताना एकदा चांगलं पाणी द्या आणि मग हात आवरा. कोंब वर दिसेपर्यंत माती फक्त दमट राहिली तरी पुरे. मुळं नसलेल्या कंदाला रोज पाणी म्हणजे कुजण्याला आमंत्रण. पानं चार-सहा झाली की पाणी वाढवा आणि महिन्यातून एकदा शेणाची पातळ स्लरी द्या. लागवडीपासून 80 ते 100 दिवसांत पहिला दांडा दिसतो. पातींच्या मधोमध एक गोलसर, टणक कोंब पानांपेक्षा वेगळा उठतो. तो बोटाने दाबून बघण्याचा मोह आवरा, सहज मोडतो.

तिसऱ्या वर्षाची कुदळ

पहिल्या वर्षी एका कंदाचा एक दांडा. दुसऱ्या वर्षी कडेची पिल्लं फुलतात, बहुधा हेच सर्वांत भरघोस वर्ष. तिसऱ्या वर्षापर्यंत जमिनीखाली दहा-पंधरा कंदांचा गच्च गड्डा झालेला असतो. सगळे एकमेकांना दाबतात, एकालाही फुगायला जागा नाही, आणि फुलण्याइतकी जाडी कुणालाच येत नाही. वर दिसतात ती हिरवीगार पाती. खत घातलं तर पाती आणखी वाढतात.

म्हणून दोन, फार तर तीन वर्षांनी कंद काढायचेच. डिसेंबर-जानेवारीत फुलं संपून पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा. माती सुकली की गड्ड्यापासून वीतभर लांबून कुदळ किंवा खुरपं घाला आणि सबंध गड्डा उचला. जवळून घातलेल्या घावात कंद चिरतात आणि चिरलेला कंद साठवणीत सडतो. माती झटका, पानं दोन बोटं ठेवून कापा, गड्डा हाताने पिळून कंद सुटे करा. आता तीन ढीग: अडीच सेंटिमीटर आणि वरचे लागवडीसाठी, त्याहून बारीक ते एका बाजूच्या वाफ्यात दाटीने लावून वर्षभर पोसायला, आणि मधला फुलून गेलेला, सुरकुतलेला आई-कंद खताच्या खड्ड्यात. निवडलेले कंद हवेशीर सावलीत एकेरी थरात पसरा आणि आठवड्यातून एकदा उलटेपालटे करा. बंद पिशवीत ठेवू नका.

एवढं केलं की एका कुंडीच्या कंदांतून तीन-चार कुंड्या होतात. शेजारीपाजारी वाटायला निशिगंधासारखं दुसरं झाड नाही.

पिवळी पानं, पोखरलेल्या कळ्या, कुजलेले कंद

जुईची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. अशा मातीत चुलीची राख टाकू नका. कळ्या जांभळट होऊन बाजूला बारीक भोक आणि जाळं दिसलं तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या वेचून नष्ट करा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पांढरट लोकरीसारखी लव चढून पानं वेडीवाकडी झाली, तर तो कोळी या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीचा उपद्रव. तेवढा भाग कापून जाळा, मग पाण्यात मिसळणारं गंधक फवारा. कडक उन्हात मात्र नको, पानं भाजतात.

निशिगंधात फुलकिडे दांड्यावरच्या कळ्या खरवडतात, टोकं तपकिरी होतात. निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क घरच्या बागेला पुरतात. खरं संकट कूज. पावसाळ्यात एखादं पान हिरवं असतानाच जमिनीपाशी गळून पडतं. बुडाशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे मातीत टिकून राहतात. तो कंद भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढून लांब टाका, कंपोस्टमध्ये नको. त्या जागी पुढच्या हंगामात निशिगंध लावू नका. मुळांवर गाठी आल्या असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी. शृंगार आणि सुवासिनी हे वाण त्यांना बऱ्यापैकी तोंड देतात आणि वाफ्यात झेंडू लावल्यानेही फायदा होतो.

तोडणी

जुईच्या कळ्या उमलायच्या आधी, दुपार कलताना खुडायच्या. पूर्ण फुगलेली, पांढरी, अजून मिटलेली कळी गजऱ्यासाठी योग्य. हिरवट कळी उमलत नाही. ओल्या सुती फडक्यात ठेवल्या तर गजरा गुंफेपर्यंत टिकतात. वास अंगणातच हवा असेल तर अर्थातच खुडू नका.

निशिगंधाचा दांडा फुलदाणीसाठी हवा असेल तर खालची एक-दोन जोड्या फुलं उमलल्यावर पहाटे कापा. फुलं खालून वर उमलत जातात. रोज पाणी बदला, दांड्याचं टोक बोटभर कापा, कोमेजलेली खालची फुलं काढत जा. दांडा मुळासकट उपटू नका, त्याच्या बुडाशी पुढच्या वर्षीची पिल्लं आहेत.

मग कोणतं लावायचं?

जागा अरुंद आणि उभी, मागे भिंत किंवा कठडा, घर स्वतःचं, आठ-दहा वर्षं हलायचं नाही: जुई. भाड्याचं घर, गच्चीवर ऊन भरपूर पण मांडव घालायची परवानगी नाही, पाच-सहा महिन्यांत फुलं हवीत: निशिगंध. घर बदललं तर कंद पिशवीत घालून नेता येतात. जुईचा जुना वेल जाळीवरून सोडवून नेणं जमत नाही, फार तर कलम न्यायचं. बर्फ पडणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनाही हेच लागू. निशिगंधाचे कंद थंडीआधी उचलून कोरडे ठेवता येतात, जुईची कुंडी मात्र हिवाळाभर खिडकीच्या उजेडात सांभाळावी लागते.

दोन्ही हौस असेल तर मागे जाळीवर जुई आणि पुढे उन्हात, निदान तीन फूट सोडून, गादीवाफ्यावर निशिगंध. जुईचं आळं आणि निशिगंधाचा वाफा यांचं पाणी वेगळं ठेवा, कारण फेब्रुवारीत छाटलेल्या जुईला पाणी लागतं तेव्हा शेजारी कंद कोरडे झोपलेले असतात. कामं मात्र छान जुळतात: जानेवारीच्या एका रविवारी आधी कंद काढायचे, महिनाअखेर वेल छाटायचा, आणि छाटलेल्या फांद्यांतल्या सरळसोट काठ्या बाजूला काढून ठेवायच्या. ऑगस्टमध्ये निशिगंधाच्या दांड्यांना आधार द्यायला त्याच उपयोगी पडतात.